मायकेल अँजेलो आणि न्यायाच्या दिवसाचें चित्र

मायकेल अँजेलो याचा जन्म इटली देशांतील कॅप्रेसे गांवीं ता. ६ मार्च १४७५ रोजीं झाला. त्याची दाई पाथरवटाची बायको होती. तिच्या दुधाबरोबरच टांकी व हातोडा आपल्या अंगीं आला, असें तो पुढें विनोदानें म्हणे. तो स्वतःस मूर्तिकारच समजे. तथापि १५०८ पासून १५१२ पर्यंत खपून त्यानें रोम येथील सिस्टीन प्रार्थनामंदिराचें छत चितारिलें.

१५२७ सालीं फ्लॉरेन्सच्या लोकांनीं मेदिची घराण्याची सत्ता झुगारिली. पोप सातवा क्लेमेंट त्याच घराण्यांतला; तरी मायकेल अँजेलोनें लोकांचा पक्ष धरून शहराच्या तटबंदीचें काम पत्करिलें. १५३० सालीं शहर पडलें, तेव्हां तो जिवाच्या भीतीनें लपून बसला. पोपनें त्यास क्षमा केली, आणि पुढें त्याच पोपनें सिस्टीन मंदिराच्या वेदीमागील भिंतीवर शेवटल्या न्यायाचें चित्र काढण्यास त्याला सांगितलें. १५३४ सालीं क्लेमेंट वारला. तिसऱ्या पॉलनें तें काम चालूं ठेविलें.

१५३६ सालीं कामास आरंभ झाला तेव्हां चित्रकार एकसष्ट वर्षांचा होता. भिंतीची उंची सुमारें ४५ फूट. चुन्याचा गिलावा ओला आहे तोंच रंग भरावयाचा असल्यामुळें, एका दिवसांत जेवढें रंगवून होईल तेवढाच भाग लिंपीत. असें पांच वर्षें चाललें.

मध्यभागीं ख्रिस्त उजवा हात उगारून उभा आहे. त्याला दाढी नाहीं. जुन्या चित्रांत मरीया पाप्यांसाठीं विनवणी करितांना दिसे. येथें तिनें तोंड बाजूस वळविलें आहे. खालीं एकीकडे मेलेले मातींतून उठत आहेत, दुसरीकडे पापी ओढले जात आहेत. तीनशेंहून अधिक आकृति, आणि बहुतेक उघड्या. राजा कोण व नांगऱ्या कोण हें वस्त्रांवरून ओळखावें तर वस्त्रेंच नाहींत.

या नग्नतेस पोपचा एक अधिकारी, बियाजो दा चेझेना, यानें दोष दिला. तेव्हां चित्रकारानें नरकाच्या न्यायाधीशाला, मिनोसला, त्याचा चेहरा व गाढवाचे कान देऊन अंगाभोवतीं सर्पाचा वेढा काढिला. बियाजोनें गाऱ्हाणें नेलें असतां, नरकांत आपला अधिकार चालत नाहीं असें पोपनें हंसत सांगितल्याची कथा आहे. आम्हांस हा सूड शोभला नाहीं असें वाटतें. न्यायासन रंगवितां रंगवितां चित्रकार स्वतःच त्यावर चढून बसला. परंतु त्याच भिंतीवर प्रेषित बर्थलमय आपली सोललेली कातडी हातीं धरून बसला आहे. त्या लोंबत्या कातडीवरील सुरकुतलेलें तोंड स्वतः चित्रकाराचें, असें पुष्कळ जाणत्यांचें मत आहे. तारलेल्यांत किंवा हरवलेल्यांत त्यानें आपणांस कोठेंच उभें केलें नाहीं. नुसती कातडी, आणि तीही दुसऱ्याच्या हातीं.

ता. ३१ आक्टोबर १५४१ रोजीं चित्र उघडें झालें. ता. १८ फेब्रुवारी १५६४ रोजीं, अठ्ठ्याऐंशी वर्षांचा होऊन, तो रोम येथें मरण पावला. शेवटल्या आठवड्यापर्यंत टांकी त्याच्या हातीं होती. पुढल्याच वर्षीं त्याचा स्नेही दानिएले दा व्होल्तेर्रा याच्याकडून आकृतींवर वस्त्रें रंगविण्यांत आलीं. १९९४ सालीं पुरी झालेल्या साफसफाईंत, मागाहून चढविलेलीं कांहीं वस्त्रें काढून टाकिलीं. मिनोसचे कान मात्र कोणीं कधींच झांकिले नाहींत.