एक्सप्लेनर : प्रवाळात ड्रिल का मारतात? डार्विन यांचा अंदाज सिद्ध व्हायला लागली तब्बल ११० वर्षे!

कुडाळ : कुडाळ स्टेशनवर उतरून अनेक पर्यटक स्नॉर्केलिंगसाठी मालवण गाठतात. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या पाण्यात त्यांना प्रवाळ दिसतात. या प्रवाळाखाली काय असेल, असा विचार कधी केलाय? चार्ल्स डार्विन यांनी केला होता.

डॉक्टरकी सोडली, समुद्र धरला

१८०९ मध्ये इंग्लंडमध्ये जन्मलेल्या डार्विन यांनी वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडले. १८३१ मध्ये, वयाच्या २२ व्या वर्षी, ते 'बीगल' जहाजावर चढले. प्रत्यक्ष प्रवाळबेट पाहण्याआधीच त्यांनी अंदाज बांधला होता : ज्वालामुखीचे बेट हळूहळू खचते, प्रवाळ मात्र उजेडासाठी वर वाढत राहतात आणि शेवटी फक्त प्रवाळांचे कंकण उरते.

हाताशी फक्त दोरी आणि शिसे

एप्रिल १८३६ मध्ये हिंदी महासागरातील कीलिंग बेटांवर चरबी लावलेले शिसे दोरीने तळाशी सोडले गेले. उथळ पाण्यात चरबीवर जिवंत प्रवाळांचे ठसे उमटले. खोल गेल्यावर वाळू चिकटू लागली. म्हणजे प्रवाळ उथळ पाण्यातच वाढतात. पण खालचा खडक दोरीला कसा कळणार?

१८४२ मध्ये त्यांचे प्रवाळांवरील पुस्तक आले. विरोधकही उभे राहिले. १८८१ मध्ये डार्विन यांनी पत्रातून इच्छा व्यक्त केली, की एखाद्या धनिकाने प्रवाळबेटावर खोल बोअर मारावी. पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले.

निकाल कधी लागला?

१८९६ ते १८९८ दरम्यान पॅसिफिकमधील फुनाफुटी बेटावर सुमारे ३४० मीटर बोअर मारली गेली. तरीही मूळ खडक लागला नाही. अखेर १९५२ मध्ये एनिवेटोक बेटावर सव्वा किलोमीटरहून अधिक खोलीवर ज्वालामुखीचा खडक लागला. डार्विन बरोबर होते!

आज काय करतात?

आता पाणबुडे हवेच्या किंवा तेलाच्या दाबावर चालणारे ड्रिल घेऊन उतरतात. पोकळ नळीतून दंडगोल नमुना, म्हणजेच 'कोअर', निघतो. त्यात झाडाच्या खोडासारखे वार्षिक थर एक्स-रेमध्ये दिसतात आणि समुद्राच्या जुन्या तापमानाचा माग लागतो. नंतर भोक बुजवतात, म्हणजे प्रवाळ पुन्हा त्यावर वाढू शकतात.

मालवणला जाताय?

मालवण सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झाले. दगडी प्रवाळांना वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत संरक्षण आहे. शास्त्रज्ञांनाही नमुन्यासाठी परवानगी लागते. त्यामुळे आठवण म्हणून तुकडा खिशात टाकू नका. तो समुद्राच्या नोंदवहीचे फाडलेले पान असतो.