गाडगेबाबांचा खराटा

गेल्या हिवाळ्यात राष्ट्रीय सेवा योजनेचे आमचे शिबिर जिल्ह्यातल्या एका बाजाराच्या गावी भरले होते. कापूस हातचा गेलेला, तरुण माणसे वाळूजच्या कारखान्यांकडे निघून गेलेली, आणि बसथांब्याजवळची गटार तुंबलेली. आम्ही खराटे घेऊन उतरलो तेव्हा पारावरच्या एका म्हाताऱ्याने मला गाव विचारले आणि शेतकऱ्याचे पोर कॉलेजात जाऊनही शेवटी झाडूच मारते, असे काहीसे तो हसत बोलला. खोटे कशाला सांगू, मला लाज वाटली. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. मी गुपचूप खराटा ठेवून फावडे घेतले. फावड्याला निदान शेतीचा मान आहे!

शिबिरात रोज रात्री एकाने थोर व्यक्तीवर बोलायचे असे. माझ्या वाट्याला नेमके गाडगेबाबा आले.

डेबूजी झिंगराजी जाणोरकर हे त्यांचे खरे नाव. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगाव येथे एका परीट कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील दारूपायी अकाली गेले. आई सखूबाई लेकराला घेऊन दापुरे या गावी भावाकडे आली. मामाच्या घरी डेबू गुरे राखू लागला, पुढे नांगर धरू लागला. शाळेचे तोंड त्याने पाहिले नाही. अंगात ताकद आणि कामाची हौस मात्र दांडगी.

मामांची जमीन सावकाराच्या कागदात अडकली. फेडले किती आणि राहिले किती हे घरात कोणालाच वाचता येत नव्हते. जमीन गेली. शेतावर ताबा घ्यायला आलेल्या सावकाराच्या माणसांपुढे तरुण डेबू एकटा उभा राहिला, असे चरित्रकार सांगतात. हा भाग वाचताना मी बराच वेळ थांबलो. माझ्या आजोबांनीही एका कागदावर असाच अंगठा उठवला होता. त्या कागदात काय लिहिले होते ते आमच्या घरात अजून कोणाला ठाऊक नाही. पुढे बाबा जन्मभर प्रत्येक कीर्तनात मुलांच्या शिक्षणाविषयी आणि कर्ज काढून सण करण्याविरुद्ध का बोलत राहिले, याचे उत्तर मला तरी त्या शेतात सापडते.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, बायको-मुले मागे ठेवून त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्यांचे पांघरूण, एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच, हातात काठी आणि मातीचे गाडगे. त्या गाडग्यावरूनच लोकांनी नाव दिले. घर सोडून जाण्याचा हा निर्णय कुंताबाईंना काय वाटला असेल, हे चरित्रांत फारसे येत नाही. यायला हवे होते.

पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन नावाचे क्षेत्र आहे. पौषातल्या यात्रेत तिथे माणसे चिखलात घसरून पडत. बाबांनी लोकांना हाताशी धरून तिथे घाट बांधला. त्यांच्या कामाची रीत हीच. गावात शिरले की कोणाला न सांगता झाडायला लागायचे. थोड्या वेळाने बघ्यांपैकी कोणी ओशाळून खराटा घेई, मग दुसरा, आणि दुपारपर्यंत अर्धा गाव कामाला लागे. रात्री वऱ्हाडी बोलीत कीर्तन. त्यात प्रश्न विचारायचा त्यांनी आणि उत्तर द्यायचे गावाने. सकाळी बाबा पुढच्या वाटेवर. आमच्या शिबिराचे मात्र आधी उद्घाटन झाले, मग फलक लागला, मग छायाचित्र. खराटे आले तेव्हा उन्हे चढली होती.

पंढरपूरला ते वारीत जात. पण देवळाच्या गर्दीत न जाता चंद्रभागेचे वाळवंट झाडीत. अस्पृश्य वारकऱ्यांना तिथे टेकायला जागा मिळत नसे, म्हणून त्यांनी चोखामेळा धर्मशाळा उभारली. १९४९ साली ती त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. त्याच संस्थेने १९५० साली आपल्या शहरात, तेव्हाच्या औरंगाबादेत, महाविद्यालय काढले. तेच आजचे नागसेनवनातले मिलिंद. आपण रोज त्या रस्त्याने जातो, पण हा धागा मला ठाऊक नव्हता.

नाशिक, पंढरपूर, आळंदी, मुंबई अशा ठिकाणी त्यांच्या प्रेरणेने धर्मशाळा झाल्या. पैसा लोकांनी दिला, कारभार विश्वस्तांकडे ठेवला, आणि स्वतःच्या नातेवाईकांचा तिथे कसलाही हक्क राहू दिला नाही. १९२३ साली मुलगा गोविंद वारल्याची बातमी कीर्तन चालू असताना आली, तरी त्यांनी कीर्तन थांबवले नाही, असे सांगतात. याला धैर्य म्हणावे की कठोरपणा, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेब गेले. त्यानंतर चौदाच दिवसांनी, २० डिसेंबरला, अमरावतीकडे नेत असता वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी मोटारीतच गाडगेबाबांनी प्राण सोडला. अमरावतीत त्यांची समाधी आहे. दादरला कर्करोगाच्या रुग्णांसाठी आणि नातलगांसाठी त्यांच्या नावाची धर्मशाळा आजही चालू आहे. माझी मामी टाटा रुग्णालयात होती तेव्हा मामा तिथेच उतरले होते. त्यांना अक्षरओळख नाही, त्यामुळे दारावरचे नाव त्यांनी वाचले नव्हते. शिबिराहून परतल्यावर मी त्यांना ते सांगितले.