रीम्स बेटावरचा डॉक्टर

गावात लाळ्या-खुरकुताची साथ आली की मोठ्या माणसांचे चेहरे उतरत, हे मी लहानपणी पाहिले आहे. बैलाच्या तोंडातून लाळेच्या तारा लोंबत, खुरांत जखमा होत आणि ऐन पेरणीत औत अडून राही. या रोगाचे मूळ ज्याने शोधले, त्या माणसाची ओळख मला फार उशिरा झाली.

फ्रीडरिश लोफ्लर यांचा जन्म १८५२ चा, जर्मनीतल्या ओडर नदीकाठच्या फ्रांकफुर्टचा. वडील लष्करात डॉक्टर होते. मुलगाही डॉक्टर झाला आणि बर्लिनला रॉबर्ट कॉख यांच्या हाताखाली जंतुशास्त्र शिकला. १८८४ मध्ये त्यांनी घटसर्पाचा जंतू वेगळा काढून दाखवला. पुढे १८८८ मध्ये ते ग्राइफ्सवाल्ड विद्यापीठात प्राध्यापक झाले.

लाळ्या-खुरकुताचे काम सरकारने त्यांच्याकडे १८९७ मध्ये सोपवले. सोबतीला पॉल फ्रॉश होते. आजारी जनावरांच्या फोडांतले पाणी त्यांनी अतिसूक्ष्म छिद्रांच्या गाळणीतून गाळले. त्यातून एकही जंतू पार जात नसे. तरीही ते पाणी टोचलेली वासरे आजारी पडली!

मग हे एखादे विष असेल का? लोफ्लर यांनी आजारी वासराच्या फोडातले पाणी दुसऱ्याला, दुसऱ्याचे तिसऱ्याला, असे टोचत नेले. विष असते तर दर खेपेला पातळ होऊन ते संपले असते. रोगाचा जोर मात्र कमी झाला नाही. म्हणजे गाळणीतून जाणारी ती वस्तू जनावराच्या अंगात वाढत होती. १८९८ मध्ये, प्राण्यांना होणारा विषाणूजन्य रोग असा प्रथमच हाती लागला.

पण या यशाला एक कडू बाजू होती. प्रयोगशाळेतला रोग आसपासच्या गोठ्यांत पसरू लागला, आणि १९०७ मध्ये ग्राइफ्सवाल्डमधले प्रयोग बंद करावे लागले. ज्यांची जनावरे वाचवायची, त्यांच्याच दारात रोग पोचावा, याहून मोठी नामुष्की संशोधकाला कोणती? अखेर १९१० मध्ये लोफ्लर यांनी समुद्रातल्या रीम्स बेटावर नवा संसार मांडला. पाचच वर्षांनी, पहिले महायुद्ध चालू असताना, बर्लिनमध्ये त्यांचे निधन झाले.

आता तुम्ही म्हणाल, याचा मांसाशी काय संबंध? कत्तलीनंतर जनावराच्या स्नायूंत आम्ल तयार होते आणि त्यात हा विषाणू सहसा टिकत नाही. हाडांतली मज्जा, लसीका ग्रंथी आणि रक्त यांत मात्र तो तग धरतो. १९६७ मध्ये इंग्लंडात मोठी साथ उसळली, तेव्हा बोट अर्जेंटिनाहून आलेल्या हाडांसकटच्या मेंढीच्या मांसाकडे गेले. चार लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली. आपल्याकडून परदेशी जाणारे म्हशीचे मांस हाडे आणि ग्रंथी काढून पाठवतात, ते याचसाठी.

आज पीसीआर चाचणी मांसाच्या नमुन्यात विषाणूची जनुकीय खूण काही तासांत दाखवते. पण खूण सापडली म्हणजे विषाणू जिवंत आहे असे नव्हे. ते ठरवायला नमुना जिवंत पेशींवर टाकून त्यात काही वाढते का, हे बघत बसावे लागते. साधने बदलली, वासरांची जागा काचपात्रातल्या पेशींनी घेतली. प्रश्न तोच राहिला, लोफ्लर यांचा: हे नुसतेच आहे, की वाढते आहे?

जानेवारी २०२५ मध्ये बर्लिनजवळच्या एका गोठ्यात म्हशी दगावल्या. १९८८ नंतर जर्मनीत लाळ्या-खुरकूत पहिल्यांदाच परतला होता. निदानावर शिक्कामोर्तब केले ते लोफ्लर यांचेच नाव लावणाऱ्या, रीम्स बेटावरच्या संस्थेने.