किनाऱ्याच्या पायऱ्या मोजणारे लॉसन

खलाशी ज्याला फ्रिस्को म्हणत, त्या सॅन फ्रान्सिस्कोसमोर खाडीपलीकडे बर्कले शहर आहे. तेथील विद्यापीठात १८९० साली भूगर्भशास्त्रज्ञ अँड्र्यू लॉसन आले. जन्म १८६१ चा, स्कॉटलंडमधला. बालपण गेले कॅनडात. आपल्या पणजोबांसारखेच तेही दर्यापार आलेले!

दक्षिण कॅलिफोर्नियात सॅन पेद्रोच्या डोंगराला समुद्राच्या बाजूने पायऱ्या आहेत. एकेक पायरी म्हणजे लाटांनी कापलेला जुना किनारा. काही तर हजार फुटांहून उंच. समुद्र ओसरला नाही, जमीनच उचलली गेली, असे लॉसन यांनी १८९३ साली मांडले. आपल्या पोर्ट लुईला १८३६ साली येऊन गेलेल्या डार्विननेही त्याआधी चिलीत असे वर आलेले किनारे पाहिले होते.

फ्रिस्कोच्या खाडीबाबत मात्र लॉसन अर्धेच बरोबर ठरले. ही बुडालेली दरी आहे हे त्यांनी ओळखले, पण कारण दिले जमीन खचल्याचे. आज आपण जाणतो की सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, हिमयुगात, समुद्र १२० मीटर खाली होता. बर्फ वितळले आणि पाणी दरीत शिरले. म्हणून आता जुन्या किनाऱ्याच्या उंचीतून त्या काळची समुद्रपातळी आधी वजा करतात. उरते ती जमिनीची हालचाल.

१८ एप्रिल १९०६ रोजी भूकंपाने आणि आगीने फ्रिस्को उद्ध्वस्त झाले. चौकशी समितीचे प्रमुख लॉसनच होते. जमीन ज्या भेगेवर सरकली, तिला सॅन अँड्रियास हे नाव त्यांनीच १८९५ साली दिले होते. पुढे त्यांनी बर्कलेत स्वतःचे घर बांधले, तेही काँक्रीटचे. १९५२ साली, नव्वदी गाठून, ते निवर्तले.