केंब्रिज की फर्ग्युसन? रँग्लर परांजपे यांनी केलेली निवड

ऑस्ट्रेलियात डिसेंबर आणि जानेवारी हे महिने विद्यापीठांच्या प्रवेशपत्रांचे. सिडनी-मेलबर्नमधील मराठी घरांतून या दिवसांत एकच चर्चा चालू असते : दोन ठिकाणी प्रवेश मिळाला आहे, कोणते घ्यावे? एकीकडे नाव मोठे, दुसरीकडे शिष्यवृत्ती मोठी. एक विद्यापीठ घरापासून अर्ध्या तासावर, दुसरे हजार किलोमीटर दूर. अशाच एका निवडीची, परंतु वेगळ्या तराजूत तोललेल्या निवडीची, ही हकीकत आहे. ज्यांनी ती केली त्यांचा उत्तरायुष्यात या देशाशीही जवळचा संबंध आला, आणि आज येथील फारच थोड्या मराठी माणसांना तो ठाऊक आहे.

रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांचा जन्म १६ फेब्रुवारी १८७६ रोजी दापोली तालुक्यातील मुर्डी या गावी झाला. घरची स्थिती कोकणातील त्या काळच्या बहुतेक घरांसारखी, म्हणजे बेताचीच. त्यांच्या नात्यातील धोंडो केशव कर्वे, पुढे महर्षी म्हणून ओळखले गेलेले अण्णा, तेव्हा मुंबईत शिकवीत होते. त्यांनी या हुशार मुलाला मुंबईस शिक्षणासाठी आणले. पुढे कर्वे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवू लागले आणि रघुनाथही तेथेच विद्यार्थी झाले. परीक्षांमधून अव्वल क्रमांक मिळवीत ते पदवीधर झाले, आणि १८९६ मध्ये भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर केंब्रिजच्या सेंट जॉन्स महाविद्यालयात दाखल झाले.

१८९९ साली जे घडले ते मराठी घरांत पुढे दोन पिढ्या सांगितले जात होते. केंब्रिजच्या गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत पहिल्या वर्गात येणाऱ्यांना रँग्लर म्हणत, आणि त्यांतील पहिला तो सीनियर रँग्लर. निकाल गुणानुक्रमे जाहीर होई. ही पद्धत पुढे दहाच वर्षांनी बंद पडली. स्टोक्स, केली, रॅले ही मंडळी सीनियर रँग्लर होती. मॅक्सवेल आणि केल्व्हिन यांना मात्र दुसऱ्या क्रमांकावर समाधान मानावे लागले होते. त्या वर्षी पहिला क्रमांक जॉर्ज बर्टविसल आणि परांजपे यांना विभागून मिळाला. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. पुण्यात तर रँग्लर हा शब्द जणू त्यांच्या नावाचाच भाग झाला.

निवडीचा प्रश्न उभा राहिला तो यानंतर. १९०१ मध्ये सेंट जॉन्सने त्यांना फेलो म्हणून निवडले. संशोधनाची वाट मोकळी होती. गणिताचे युरोपातील श्रेष्ठ जाणकार ज्या वर्तुळात वावरत होते त्याचे दार त्यांच्यासाठी उघडले होते. मायदेशी परतायचेच म्हटले, तर सीनियर रँग्लरला सरकारी शिक्षणखात्यातील मोठ्या वेतनाची जागा अवघड नव्हती. आणि तिसरीकडे होते फर्ग्युसन. तेथे परत येऊन शिकवीन, असा शब्द त्यांनी आधीच दिलेला होता.

फर्ग्युसन चालविणाऱ्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीची रचना आजच्या वाचकाला समजावून सांगावी लागेल. टिळक, आगरकर, आपटे, नामजोशी यांनी १८८४ मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेत आजीव सभासद नावाची व्यवस्था होती. सभासदाने वीस वर्षे संस्थेत शिकवायचे आणि मासिक पंचाहत्तर रुपयांच्या आसपास वेतनावर निर्वाह करायचा. संस्थेला सरकारी नियंत्रणापासून दूर राहायचे असेल, तर शिकवणाऱ्यांनीच स्वार्थत्याग करावा, हे त्यामागील सूत्र. गोखले याच व्यवस्थेत वीस वर्षे राबले. आगरकरांनी तर प्राचार्यपदावर असतानाच १८९५ मध्ये देह ठेवला.

पंचाहत्तर रुपये म्हणजे किती, हे समजण्यासाठी ऑस्ट्रेलियातीलच एक उदाहरण घेऊ. १८८४ च्या ट्रायपॉसमध्ये तिसरा आलेला विल्यम हेन्री ब्रॅग नावाचा तरुण पुढच्याच वर्षी ॲडलेड विद्यापीठात गणित व भौतिकशास्त्राचा प्राध्यापक म्हणून नेमला गेला. वय तेवीस, वार्षिक वेतन आठशे पौंड. एका पौंडाचे पंधरा रुपये या तत्कालीन दराने परांजपे यांचे वर्षाचे नऊशे रुपये साठ पौंड भरतात. म्हणजे तिसऱ्या क्रमांकाच्या रँग्लरला जे वेतन ॲडलेडने दिले, त्याच्या तेराव्या हिश्शावर पहिल्या क्रमांकाचा रँग्लर पुण्यात राबणार होता.

परांजपे यांनी फर्ग्युसन निवडले. सेंट जॉन्सची फेलोशिप त्या काळी केंब्रिजमध्ये राहिल्यावाचूनही ठेवता येत असे. १९०७ पर्यंत ती त्यांच्याकडे होती, म्हणजे धागा एकदम तुटला नाही. पण १९०२ मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, ते प्राचार्य झाले आणि दोन दशकांहून अधिक काळ त्या खुर्चीतून सुटले नाहीत. वर्ग, वसतिगृह, वर्गण्या, सरकारी अनुदान, विद्यापीठाच्या सभा. या सगळ्यांत मूळ संशोधनाला वेळ उरला नाही. गणिताच्या इतिहासात एखादे प्रमेय त्यांच्या नावावर नाही, हे स्पष्टच म्हटले पाहिजे.

येथे ब्रॅग यांच्याकडे पुन्हा वळावेसे वाटते. तेही केंब्रिजपासून हजारो मैल दूर गेले. भौतिकशास्त्र त्यांनी बरेचसे बोटीवरच वाचून काढले, आणि पहिली अठरा वर्षे त्यांनीही उल्लेखनीय संशोधन केले नाही. शिकवले, उपकरणे बनवायला शिकले, संस्था उभारली. १९०४ मध्ये, वयाच्या एकेचाळीसाव्या वर्षी, त्यांनी किरणोत्सर्गावर काम सुरू केले. १९०९ मध्ये ते लीड्सला गेले आणि १९१५ मध्ये पुत्र लॉरेन्स यांच्यासह नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले. त्यामुळे दूरच्या गावी गेल्याने परांजपे यांच्यातील गणिती संपला, असे म्हणणे मला पटत नाही. ॲडलेडच्या प्राध्यापकाला वेळ आणि पैसा मिळाला. पुण्याच्या प्राचार्याला दोन्ही मिळाले नाहीत, आणि हे त्याला जाण्याआधीच ठाऊक होते.

मग मिळवले काय? हिशेब मांडायचाच तर एक गोष्ट विसरू नये. १९०७ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय गणित परिषदेचे ग्रंथालय फर्ग्युसनमध्ये ठेवण्यात आले आणि तेथून गणितविषयक नियतकालिके देशभरच्या सभासदांकडे टपालाने फिरत राहिली. याच परिषदेच्या नियतकालिकात १९११ मध्ये रामानुजन यांचे पहिले लेखन छापले गेले. स्वतः प्रमेय न मांडणाऱ्या माणसाने इतरांना ते मांडता यावे अशी सोय राखली, हे काही थोडे नव्हे.

त्यांच्या कारकिर्दीत सारेच गोड होते असे नाही. परांजपे मवाळ पक्षाचे, गोखल्यांच्या परंपरेतले. १९०५ मध्ये विदेशी कापडाची होळी केल्याबद्दल विद्यार्थी विनायक सावरकर यांना त्यांनी दंड केला व वसतिगृहातून काढले. टिळकांच्या ‘केसरी’ने त्यांच्यावर सडकून टीका केली. धर्माच्या बाबतीत ते कडवे बुद्धिवादी होते, त्यामुळे सनातनी पुण्यालाही ते रुचत नसत. दोन्हीकडून बोलणी खाण्याची त्यांना सवयच झाली असावी. १९२१ मध्ये ते मुंबई प्रांताचे शिक्षणमंत्री झाले, पुढे काही वर्षे लंडनला इंडिया कौन्सिलवर होते, १९३२ ते १९३८ लखनौ विद्यापीठाचे कुलगुरू.

आणि मग ऑस्ट्रेलिया. १९४४ मध्ये, अडुसष्टाव्या वर्षी, ते भारताचे येथील पहिले उच्चायुक्त म्हणून कॅनबेरात आले. ज्या वर्षी त्यांनी केंब्रिजचा निरोप घेण्याचे ठरवले, त्याच १९०१ सालच्या डिसेंबरात या देशाने स्थलांतर-निर्बंध कायदा केला होता, आणि चार दशकांनंतरही तो जारी होता. गौरेतर माणसाला कोणत्याही युरोपीय भाषेत श्रुतलेखन घालून परत पाठवता येत असे. ज्याने इंग्रजांच्या सर्वांत अवघड परीक्षेत त्यांच्याच मुलांना मागे टाकले, तो माणूस आता अशा देशात राजप्रतिनिधी होता, जेथे त्याच्या गावच्या सामान्य माणसाला स्थायिक होण्याची मुभा नव्हती. १९२२ मध्ये श्रीनिवास शास्त्री येथे येऊन गेले होते आणि १९२५ मध्ये येथे राहणाऱ्या हिंदी लोकांना मतदानाचा हक्क मिळाला होता. परंतु नव्याने येणाऱ्यांसाठी दार बंदच होते. आज लाखो भारतीयांच्या या देशात तो काळ आठवावा लागतो, इतके चित्र पालटले आहे.

कॅनबेरा तेव्हा जेमतेम पंधरा हजार वस्तीचे गाव. कन्या शकुंतला आणि लहानगी नात सई, म्हणजे पुढील काळातील चित्रपट-दिग्दर्शिका सई परांजपे, याही त्या काळात तेथे होत्या. परांजपे यांच्याच कार्यकाळात, १ ऑगस्ट १९४६ रोजी, ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीचा कायदा मंजूर झाला. परदेशात नाव काढलेल्या ऑस्ट्रेलियन विद्वानांना घरी परत आणणे हा त्यामागील एक हेतू होता. निवडीचा तोच जुना प्रश्न आता या देशाच्या पुत्रांपुढे आला. पदार्थवैज्ञानिक मार्क ऑलिफंट बर्मिंगहॅम सोडून १९५० मध्ये कॅनबेराला आले. पेनिसिलिनचे हॉवर्ड फ्लोरी यांनी ऑक्सफर्ड सोडले नाही. इतिहासकार कीथ हॅन्कॉक प्रथम थांबले आणि १९५७ मध्ये आले.

१९४७ मध्ये परांजपे पुण्यास परतले. स्वतः सोडलेल्या केंब्रिजला त्यांनी मुलीला मात्र पाठवले होते. शकुंतलाबाई तेथे गणितच शिकल्या, आणि परतल्यावर त्यांनी संततिनियमनाच्या प्रसाराला वाहून घेतले. १९५६ मध्ये, ऐंशी वर्षांचे असताना, परांजपे पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले व तीन वर्षे त्या पदावर राहिले. क्रिकेटच्या भाषेत ‘एटी-फोर, नॉट आउट’ असे नाव दिलेले त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र १९६१ मध्ये निघाले. ६ मे १९६६ रोजी, नव्वद वर्षे पूर्ण करून, त्यांचे निधन झाले.