कोरड्या घळीतला पूर ओळखणारा मेजर

अमेरिकेतील ग्रँड कॅनियन नावेने पार करणारे मेजर जॉन वेस्ली पॉवेल धाडसी संशोधक म्हणून ओळखले जातात. परंतु उंच कड्यांच्या दरीत वादळी पाऊस काय घडवतो, याचे त्यांनी केलेले निरीक्षणही तितकेच मोलाचे आहे.

पॉवेल यांचा जन्म १८३४ मध्ये न्यूयॉर्क राज्यात एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला. शिक्षकी पेशात असतानाच त्यांना शंख-शिंपले, खडक आणि नद्या यांचा छंद जडला. १८६२ मध्ये यादवी युद्धात शायलोच्या लढाईत त्यांचा उजवा हात निकामी झाला आणि तो कापावा लागला. तरीही २४ मे १८६९ रोजी नऊ सहकारी आणि चार नावा घेऊन ते ग्रीन नदीतून निघाले. पहिल्याच महिन्यात एक नाव खडकावर फुटली आणि तिच्यातील शिधाही गेला.

वाटेत वळवासारख्या पावसाने त्यांना अनेकदा झोडपले. क्षणापूर्वी कोरड्या असलेल्या कड्यांवरून धबधबे कोसळू लागत. उघडा खडक पाणी शोषत नाही. झुडपे आणि माती नसल्याने ते अडतही नाही. शेकडो ओहोळ एकत्र येऊन अरुंद घळीत शिरले, की चिखल आणि दगडधोंड्यांसह त्यांचा लोंढा होतो.

नदीतील खळाळही अशाच लोंढ्यांनी वाहून आणलेल्या धोंड्यांमुळे तयार होतात. २८ ऑगस्टला अशाच एका भयंकर खळाळापाशी तिघांचा धीर सुटला. नदी सोडून ते कडा चढून गेले आणि मारले गेले. उरलेल्या सहा जणांनी नावा पाण्यात लोटल्या. दुसऱ्याच दिवशी, २९ ऑगस्टला, ते दरीबाहेर सुखरूप पोहोचले.

पुढे पॉवेल १८८१ ते १८९४ या काळात अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण संस्थेचे संचालक होते. कोरड्या प्रदेशातील वस्ती आणि शेतीचे नियोजन पाणलोट पाहून करावे, हा त्यांचा १८७८ च्या अहवालातील आग्रह राजकारण्यांच्या पचनी पडला नाही. १९०२ मध्ये त्यांचे निधन झाले.

कोलोरॅडो नदीवरील ज्या जलाशयाला त्यांचे नाव दिले आहे, त्याच्याजवळच ॲरिझोनातील अँटिलोप कॅनियन ही चिंचोळी घळ आहे. १२ ऑगस्ट १९९७ रोजी तेथे अकरा पर्यटक पुरात मृत्युमुखी पडले. वादळ काही मैल दूर बरसले होते. घळीत मात्र जेमतेम पाऊस होता. भिंती उभ्या असल्याने वर चढून जाण्यास वाट नव्हती.

घळीत उतरताना डोक्यावरचे आकाश पाहणे पुरेसे नाही; तिच्या साऱ्या पाणलोटावर कुठे ढग दाटले आहेत, हेही पाहावे लागते. पाण्याचा विचार पाणलोटाच्या हिशेबाने करावा, हा पॉवेल यांचा आग्रह इथे जीव वाचवणारा ठरतो.