बाल्टिमोरचा वकील

गेल्या हिवाळ्यात राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात संध्याकाळी गावातील मुलांचा वर्ग घेण्याचे काम माझ्याकडे आले. रोज एका थोर व्यक्तीचे चरित्र सांगायचे होते. तिसऱ्या दिवशी मी थरगुड मार्शल यांची निवड केली. मुलांना नाव नीट उच्चारता येईना. तेव्हा मी सांगितले, की त्यांचे मूळ नाव थरोगुड होते, पण लिहायला लांब पडते म्हणून त्यांनी लहानपणीच ते आखूड करून टाकले. मुले हसली आणि गोष्ट सुरू झाली.

मार्शल यांचा जन्म २ जुलै १९०८ रोजी अमेरिकेतील बाल्टिमोर शहरी झाला. आई शिक्षिका, वडील रेल्वेत नोकर. वडिलांना कोर्टातले खटले ऐकण्याचा नाद, मुलालाही ते बरोबर नेत. शाळेत खोडी काढली की शिक्षा म्हणून राज्यघटना वाचावी लागे. खोड्या पुष्कळ, त्यामुळे घटना जवळजवळ पाठ झाली, असे ते पुढे सांगत.

परंतु त्यांच्याच मेरीलँड राज्याच्या विद्यापीठात कायदा शिकायला काळ्या विद्यार्थ्यांना मज्जाव होता. म्हणून ते वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात गेले. फीसाठी आईने लग्नातल्या अंगठ्या गहाण ठेवल्या. येथे मी जराशी अडखळले. माझ्या प्रवेशाच्या वेळी आईचे डोरले सोनाराकडे गेले होते. हे मी मुलांना सांगितले नाही, येथे लिहीत आहे.

१९३३ साली ते वर्गात पहिले आले. दोनच वर्षांनी, आपले गुरू चार्ल्स ह्यूस्टन यांच्यासह त्याच मेरीलँड विद्यापीठाविरुद्ध खटला लढवून त्यांनी डोनाल्ड मरे या काळ्या विद्यार्थ्याला प्रवेश मिळवून दिला. हे ऐकून मुलांनी टाळ्या वाजवल्या. मला तर हा भाग सर्वांत आवडतो!

पुढचा भाग समजावणे कठीण होते. सोयी सारख्या असल्या तर गोऱ्याकाळ्यांना वेगळे ठेवणे गैर नाही, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने १८९६ मध्ये ठरवले होते. सारखीच बाके, सारखाच फळा, मग बिघडले कुठे, असे मी मुलांना विचारले. मागच्या रांगेतली एक मुलगी हळूच म्हणाली, की वेगळे बसवले म्हणजे का बसवले ते कळतेच. मार्शल यांना हेच कोर्टात सिद्ध करायचे होते. केनेथ व मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने काळ्या मुलांपुढे रंगाखेरीज सारख्याच बाहुल्या ठेवून त्यांतली चांगली कोणती, वाईट कोणती, असे विचारले होते. बहुतेकांनी गोरीला चांगली म्हटले. तुझ्यासारखी कोणती, असे विचारताच काही मुले रडू लागली. मार्शल यांच्या काही सहकाऱ्यांना असला पुरावा पोरकट वाटला, तरी त्यांनी तो न्यायालयापुढे मांडला. १७ मे १९५४ रोजी सर्व नऊ न्यायाधीशांनी एकमताने शाळांतील ही विभागणी घटनाबाह्य ठरवली.

सर्वोच्च न्यायालयात ३२ खटले चालवून त्यांनी २९ जिंकले. १९६७ मध्ये ते त्याच न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश झाले. १९९३ मध्ये ते वारले. हे सारे मी भराभर सांगितले, कारण मागच्या मुलीने हात वर केला होता. निकालाच्या दुसऱ्या दिवशी ती मुले त्या शाळेत गेली का, असे तिला विचारायचे होते.

नाही म्हणावे लागले. १९५७ मध्ये लिटल रॉक येथे नऊ विद्यार्थ्यांना शाळेत पोचवायला सैन्य आणावे लागले. व्हर्जिनियातील प्रिन्स एडवर्ड काउंटीने तर काळ्या मुलांना शेजारी बसवण्यापेक्षा १९५९ पासून १९६४ पर्यंत सरकारी शाळाच बंद ठेवल्या. तेवढी वर्षे ती मुले काय करीत होती, असे तिने पुन्हा विचारले. काही परगावी नातेवाइकांकडे शिकायला गेली, काही चर्चमधल्या वर्गांत बसली, कित्येकांची शाळा सुटली ती सुटलीच, असे मी सांगितले. त्यावर तिने आपल्या थोरल्या भावाचे नाव घेतले. त्याची शाळा सातवीत सुटली होती.